सुग्रीवचा शक आणि स्टेबल कॉम्प्युटर

सुग्रीवला सकाळी मोटरसायकलवर मागे बसवून जालना एमआयडीसीत आणायचं काम माझ्याकडे आहे. त्याला दिसत नाही, पण रस्ता माझ्यापेक्षा त्यालाच जास्त पाठ. एखाद्या दिवशी ट्रकच्या रांगेला कंटाळून मी दुसऱ्या गल्लीत गाडी घातली, की लगेच पाठीत बोट टोचतं. "शिवा, आज इकडून कामून? कोणी सांगितलं तुला?" मला कोण सांगणार, कपाळ! पण गडी असाच आहे. चहा गोड लागला तरी त्याला शक, फिका लागला तरी शक.

आमची बियाण्यांची कंपनी. मी डिस्पॅचला आणि सुग्रीव फोनवर. शेतकऱ्यांचे, दुकानदारांचे फोन घ्यायचे, कॉम्प्युटरवर माल बघायचा, बुकिंग करायचं. त्याच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे आणि पडद्यावर जे असेल ते हा कॉम्प्युटर त्याच्या कानात वाचून दाखवतो, तेही इतक्या झपाट्यानं की आपल्याला एक शब्द कळू नये. सगळ्या जगावर शक घेणारा हा माणूस त्या आवाजावर मात्र कधी घेत नसे. त्या आवाजावरच तो फोन सांभाळायचा, आणि फार चांगला सांभाळायचा.

हंगामाच्या तोंडावर आमचे मॅनेजर रामप्रसाद साहेब म्हणाले, सोमवारपासून बुकिंगचा नवा प्रोग्राम. तो आधीच उघडून पाहिला, तर सुग्रीवचा कॉम्प्युटर "बटन, बटन, बटन" एवढंच बोलायला लागला. कशाचं बटन, ते सांगेना. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लिनक्सवाले त्याला पॅकेज म्हणतात, ते जुनं पडलं होतं. साहेब गोड आवाजात म्हणाले, "सुग्रीवभाऊ, नाही जमलं तर काळजी करू नका. गेटवर खुर्ची टाकून देऊ. पगार चालूच राहील." फोन मग लॅबमधली नवी मुलगी आकांक्षा घेणार होती.

पगार चालू म्हणून आम्ही सगळे खूश. सुग्रीव त्या दिवशी जेवला नाही. "गेटवर मला काय बुजगावणं म्हणून बसवून राह्यले का?" त्याला फोन हवा होता. बाकी काहीच नको होतं.

आता कोणी म्हणेल, मग नवं पॅकेज टाकायचं की! अहो, गेल्या वर्षी तेच केलं होतं. पप्पू नावाचा कॉम्प्युटरचा दुकानवाला आला होता. या लिनक्समध्ये 'स्टेबल' म्हणजे जुनं पण पक्कं, आणि 'टेस्टिंग' म्हणजे नवं, ज्याची तपासणी अजून चालू आहे. पप्पूनं विचारलं, "स्टेबलमधलंच ठेवू, का टेस्टिंगमधलं आणू?" बियाण्याच्या कंपनीत टेस्टिंगचा माल म्हणजे उगवणीची चाचणी होऊन आलेला लॉट. त्याच्याइतकं भरवशाचं आमच्याकडे दुसरं काही नाही. सुग्रीव ताठ बसून म्हणाला, "टेस्टिंगचाच माल टाक. बिगर टेस्टिंगचं बिलकुल नको."

पप्पूला वाटलं, गिऱ्हाईक जाणकार आहे. त्यानं एक पॅकेज ओढलं. त्याच्यामागं त्याला लागणारी दुसरी पॅकेजं, म्हणजे त्याचे सोबती आले, सोबत्यांचे सोबती आले. निम्मा कॉम्प्युटर नवा, निम्मा जुना अशी खिचडी झाली आणि आवाज गेला. सगळं पुसून पुन्हा स्टेबल टाकेपर्यंत सुग्रीव मुक्या डब्यासमोर बसून होता. ते दिवस आठवूच नयेत, असं मला अजूनही वाटतं. पुढे आम्ही परोपरीनं सांगितलं, की बाबा, शब्दाचा घोटाळा झाला. त्याचं एकच, "पप्प्यानं मुद्दाम केल्तं." तेव्हापासून त्याच्या कीबोर्डवरची धूळसुद्धा तो दुसऱ्याला पुसू देत नाही.

आणि आता आकांक्षा त्याच्या टेबलाशी येऊन म्हणाली, "मामा, बॅकपोर्टमधून टाकून बघू का?"

"ते काय असतंय?"

"टेस्टिंगमधलं नवं पॅकेज घेत्यात, अन् आपल्या स्टेबलवर चालंल असं पुन्हा बांधत्यात. बाकीचं समदं जागच्या जागी राहतं. आपण नाव घेऊन बोलावलं तरच ते आत येतं, आपल्या मनानं येत न्हाई."

टेस्टिंग शब्द ऐकूनच सुग्रीवच्या कपाळाला आठी पडली. "म्हंजे बाजारातली मेंढी," तो म्हणाला. त्याचे वडील म्हस्कूबाबा केदारखेड्याकडं मेंढरं वळायचे. "बाप तिला एकदम कळपात सोडत नव्हता, आधी अलग बांधायचा. पण इकणाराचा फायदा काय, ते बी पाहायचा. माझा आवाज गेला तर फोन कोणाकडं जाईल गं?"

पोरीचा चेहरा उतरला. मला सुग्रीवचा राग आला. आणि खरं सांगू? थोडा शक मलाही आला.

पण ती टेंभुर्णीची हट्टी पोर, हटली नाही. म्हणाली, "आधी नुसतं करून पाहिल्यासारखं करू. काय येईल, काय जाईल तेवढं कॉम्प्युटर सांगंल. करणार काहीच न्हाई." न करता नुसतं काय होईल ते सांगणारी आज्ञा! सुग्रीवच्या स्वभावासाठीच कोणीतरी बनवली असावी. त्यानं ती स्वतः टाइप केली आणि पुन्हा पुन्हा ऐकली. पॅकेज येणार, त्याचे दोन सोबती येणार, काढून टाकलं जाणार काहीच नाही.

तरी समाधान नाही. आवाज खोटं बोलणार नाही, पण पोरीनं पडद्यावर आणखी काही दडवलं असलं तर? माझं वाचणं त्याला चालेना, "तू तिच्या बाजूनं बोलून राह्यला." शेवटी पॅकिंगच्या पुष्पाबाईंना बोलावलं. पोत्यांवर लॉटचे छाप मारून मारून त्यांना इंग्रजी अक्षरं येतात, अर्थ येत नाही, म्हणून त्या खोटं बोलू शकत नाहीत, हा याचा हिशेब. बाई चष्मा लावून एकेक अक्षर वाचत गेल्या आणि वैतागल्या. "सुग्रीवभाऊ, लग्न जमवताना तरी एवढं पाह्यलं होतं का?"

शनिवारी दुपारी त्यानं खरी आज्ञा दिली. पॅकेज उतरायला लागलं, आवाज वाचत होता, आणि मधेच थांबला. सुग्रीवनं दोन्ही हातांनी टेबल धरलं.

"काय केलं?" तो ओरडला.

"काही न्हाई मामा. नवं पॅकेज बसताना जुनं बंद पडलं. पडद्यावर इचारलंय, तुमची जुनी सेटिंग ठिवायची का नवी घ्यायची. एन दाबलं की जुनी राहती."

पुष्पाबाई घरी गेल्या होत्या. मी तिच्या बाजूचा. कानात आवाज नाही. त्याला आयुष्यात पहिल्यांदा, ज्याच्यावर शक आहे त्याच्याच शब्दावर भरवसा ठेवून बटन दाबायचं होतं.

"तू माझ्या जागी असतीस तर?"

"जुनी ठिवली असती. तुमचा आवाज तिच्यातच हाय."

सुग्रीवनं कीबोर्ड चाचपून एनचं बटन शोधलं. मग ते दाबलं. तिनं वाचून दाखवणारं पॅकेज पुन्हा चालू केलं, आणि तोच ओळखीचा आवाज सुरू झाला. नव्या प्रोग्राममधली बटनं नावानिशी बोलली. नवीन बुकिंग. शिल्लक माल. रद्द करा. सुग्रीवनं "रद्द करा" चार वेळा ऐकलं आणि दर वेळी हसला.

सोमवारी आम्ही आलो, तर त्याच्या टेबलावर फोन नव्हता. साहेबांनी रविवारीच वायरमन बोलावून तो आकांक्षाच्या टेबलावर बसवला होता. "तुमचं जमेल असं वाटलं नव्हतं," ते केबिनमधूनच म्हणाले. "आता राहू द्या तसंच." सुग्रीवनं टेबलावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला. त्यानं कोणावरच शक घेतला नाही, हे बघून मला भीती वाटली.

आकांक्षा उठली. फोन उचलून त्याच्या टेबलाकडं निघाली. वायर पुरेना, तेव्हा तिनं सुग्रीवचं टेबलच ओढायला घेतलं. मी दुसरं टोक धरलं. साहेब काचेतून बघत होते. बघू देत.

थोड्या वेळानं घंटी वाजली. सुग्रीवनं फोनवर हात ठेवला, पण उचलला नाही. "हा बाहेरून आला, का तूच लावला?"

"उचला ना मामा!"

उचलला. "आधी तुम्ही कोण, कोण्या गावचे, ते सांगा. मंग मालाचं बोलू." गिऱ्हाईक बोलत गेलं, याची बोटं चालत गेली, आवाज कानात कुजबुजत राहिला. बुकिंग झालं. फोन ठेवून तो क्षणभर थांबला, आणि ज्या आवाजावर त्यानं कधी शक घेतला नव्हता, त्याच्या कॉम्प्युटरकडं पाठ करून आकांक्षाला म्हणाला, "पोरी, हा वाचतो तेच पडद्यावर हाय का, पाहून सांग बरं."