अँडीजची रंगीत तालीम

दक्षिण अमेरिकेत पक्षी बघायला जायचं ठरलं तेव्हा मीच ताईला म्हटलं, "आधी मुळशीत एक दिवस तालीम करू." तिकडे माळ, दलदल आणि अँडीजचं डोंगरी जंगल असं सगळं पालथं घालायचं होतं, आणि त्याची छोटी आवृत्ती आमच्या तालुक्यात एका दिवसात होते. ताई सदुसष्टची, मी तिच्याहून आठ वर्षांनी लहान. दुर्बीण धरायला मला तिनंच शिकवलं. वेळापत्रक मात्र मी केलं, कारण ते तिच्या हातात दिलं तर ती एका चिमणीपाशी दुपार करते.

सकाळी उजाडताना नांदे गावच्या माळावर पोचलो. मागच्या हिवाळ्यात जिथे चंडोल पाहिले होते तिथे आता इमारतीचा पाया खणलेला. मी चरफडले. ताईनं शेजारच्या वाळूच्या ढिगावर चंडोल शोधला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो तिनंच आणून ठेवलाय. पुढच्या रिहे गावात भात निघालं होतं. खाचराच्या बांधावर गप्पीदास शेपटी हलवत बसलेला. पुढे धरणाच्या पाण्याकाठी चक्रवाकांची जोडी. प्रत्येक ठिकाणी पक्षी आधी ताईला दिसायचा, मग ती हातानं माझी मान तिकडे वळवायची. एकोणसाठाव्या वर्षी दुसऱ्या कुणी असं केलेलं मी खपवून घेणार नाही.

ताम्हिणीच्या अलीकडे जंगलातली चढाची वाट लागली. वीस-पंचवीस पावलांवर ताई एका दगडावर बसली. तिथे एक बाई शेळ्या राखत होती. "तू हो पुढे," ताई म्हणाली, "मी हिच्याशी गप्पा मारते."

मला रागच आला. "अँडीजमध्ये पण गप्पाच मारत बसणार आहेस का?" असं म्हणून मी तरातरा चढले.

वर अर्ध्या तासात कर्णा पक्षी दिसला. लालभडक पोट, काळं डोकं, समोरच्याच फांदीवर. याच्यासाठी आम्ही दोघींनी कित्येक वर्षं या जंगलात खेटे घातले होते. मी त्याच्यावरची नजर न काढता मागे हात केला आणि हळूच म्हटलं, "ताई, बघ." हात तसाच राहिला. कर्णा बराच वेळ बसून होता, पण मी त्याला नीट पाहिलंच नाही. ताईला काय काय सांगायचं तेच जुळवत राहिले.

खाली आले तर दगडावर ताई नव्हती. शेळ्यांची बाई म्हणाली, "त्या गाडीकडं गेल्या. तुमी गेल्यापासनं गुडघा चोळत बसल्या हुत्या. लई दुखतंय त्यांना. तुमी उतरताना दिसला तशा उठल्या. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

मला ठाऊक नव्हतं. रोज तिच्याशी तासभर फोनवर बोलते, आणि मला ठाऊक नव्हतं. तिथेच उभ्या उभ्या माझी मला लाज वाटली.

ताई गाडीत डबा उघडून बसली होती. मी काही बोलायच्या आत तिनं विचारलं, "दिसलं काही?"

"कर्णा."

ती मनापासून हसली. मग चपातीचा तुकडा मोडत म्हणाली, "तू एकटीच जा गं अमेरिकेला. आल्यावर मला सगळं सांग."

"आत्ता एकटीनं कर्णा पाहून आले," मी म्हटलं. "अजिबात मजा आली नाही."

तिच्यासमोरच मी सहलवाल्यांना फोन लावला. डोंगराचे दिवस काढून टाका म्हटलं, दोघींचेही, आणि त्याऐवजी नदीतली होडी द्या. ताई कडाकडा भांडली. डोंगरातले पक्षी होडीतून दिसत नाहीत, मी मूर्ख आहे, आईनं मला नको तेवढं लाडावून ठेवलंय. पलीकडच्या माणसालाही ते ऐकू जात असणार.  मी फोन ठेवला तसा तिनं पाय समोर लांब केला आणि माझ्या देखत गुडघा चोळायला लागली.