पार्सलबाबूंचा समुद्र

मुंबईकडून येणारी गाडी मलकापूर स्टेशनात थांबली की पार्सलबाबू वामनराव गार्डाच्या डब्यापाशी जाऊन उभे राहत. गार्ड आतून लोणच्याची मोठी चिनी मातीची बरणी खाली देई. वामनराव तिथल्या तिथे बरणीच्या तोंडावर बांधलेला दादरा सोडत, बोट बुडवून चाखत आणि तोंड वाकडं करून समाधानाने मान डोलावत. मी नुकतीच लग्न होऊन नाशिककडून रेल्वेच्या चाळीत आले होते. मला वाटलं, या माणसाचा लोणच्यावर भारीच जीव दिसतोय.

बरणीत समुद्राचं पाणी असायचं. "चाखून घ्या लागते बाई," शेजारधर्म म्हणून त्यांनी मला समजावलं. "गार्डाचा काय भरवसा? नळाच्या पान्यात मीठ कालवून आनन, अन् माह्या मासोळ्या मरून जातीन."

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-चार वर्षंच झाली होती. समुद्रातले मासे घरात पाळतात हे मुंबईतही फारसं कोणी ऐकलं नसेल, आणि आमचे पार्सलबाबू मलकापुरात पाळत होते. सुताराकडून सागाच्या चौकटीत काचा बसवून त्यांनी ट्रंकेएवढी टाकी करून घेतली होती. तीत बोटभर लांबीचे दोन मासे, शंखात राहणारा एक खेकडा आणि एक दगड. त्या दगडावर हिरवी बटणं टाचल्यासारखे जीव होते. उजेड आला की ते फुलत. पाण्यात हवा सोडायला वामनराव ट्रकच्या जुन्या ट्यूबमध्ये सकाळी पंपाने हवा भरत आणि ती बारीक नळीने दिवसभर बुडबुड करत बाहेर येई. वैशाखात टाकीभोवती ओली पोती. घरच्या माणसांना मात्र पुठ्ठ्याचा पंखा.

"एवढा खटाटोप कशासाठी?" असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "हे संशोधन व्हय."

संशोधन कशाचं ते सगळी चाळ जाणून होती. टाकी त्यांच्या बायकोच्या, अनसूयाकाकूंच्या, खाटेला लावून ठेवलेली होती. घरात रेल्वेचा पास असूनही काकूंनी समुद्र पाहिलेला नव्हता. "पुढच्या साली जाऊ, पुढच्या साली जाऊ" करता करता वाताने त्यांचे पाय गेले. आता त्या दिवसभर कुशीवर पडून त्या दगडाकडे बघत असत. पण हे सगळं काकूंसाठी आहे असं म्हणण्याची सोय नव्हती. वामनराव भडकत.

दुसऱ्या वर्षी दगडावर एक तपकिरी फूल उगवलं. दिसायला नाजूक, पण त्याच्या शेजारची हिरवी बटणं मिटू लागली, मग गळू लागली. वामनराव मूळचे वरवट बकालचे, कापूसवाल्यांच्या घरातले. त्यांना काही वाटलं नाही. "तन व्हय ते. आमाले निंदन-खुरपन शिकवता का?" म्हणत त्यांनी सायकलच्या तारेला धार लावली आणि ते फूल खरवडून काढलं.

आठ दिवसांनी तिथे पाच फुलं होती.

शेतातलं तण उपटलं की वाळतं. हे तण निराळं होतं. जेवढे तुकडे, तेवढी नवी फुलं. पण वामनराव हार मानतील तर कसले वामनराव! ते रोज निंदत आणि पीक रोज वाढे. उघड हसायची सोय नव्हती म्हणून मी नुसतंच म्हटलं, "काका, यंदा पीक चांगलं आहे." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वाटीभर साखर न मागताच परत आले.

काकूंना तंबाखूची सवय होती. एकदा मळताना त्यांच्या बोटावरचा चुन्याचा खडा टाकीत पडला आणि नेमका एका तपकिरी फुलावर बसला. फूल मिटलं, पांढरं पडलं आणि पुन्हा उगवलं नाही. दिवसभर तिथेच नजर लावून बसलेल्या काकूंच्या ते लक्षात आलं.

"अवो, चुना लावून पाहा ना त्याले," त्या म्हणाल्या.

"चुना? काऊन वो, मासोळ्याइले पान खाऊ घालतं का?"

संशोधकाने खाटेवरच्या बाईचं ऐकायचं म्हणजे काय! महिनाभर त्यांनी ऐकलं नाही. हिरवी बटणं उरली जेमतेम तळहाताएवढी. मग एका सकाळी मी गेले तर काकू भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. "मरतं हाय ते सारं," त्या म्हणाल्या, "मले नाई पाहवत."

वामनरावांनी हातातली तार खाली ठेवली. मग माझ्यादेखत, अगदी हळू आवाजात, त्यांनी विचारलं, "कोन्या कोपऱ्यात पडला होता वो चुना?"

काकू वळल्या. कंपाउंडरकडून इंजेक्शनची जुनी पिचकारी आली, चुना ताकासारखा कालवला गेला. काकू खाटेवरून बोट दाखवत आणि वामनराव प्रत्येक फुलाच्या तोंडावर एकेक थेंब सोडत. चुना जास्त झाला की मासे धापा टाकत, म्हणून रोज थोडंथोडंच. पावसाळा सरता सरता दगड पुन्हा हिरवा झाला. स्टेशनभर वामनरावांनी सांगितलं, की फार संशोधनाअंती त्यांना एक औषध सापडलं. काकू पोट धरून हसल्या. "सांगू दे वो," त्या मला म्हणाल्या. "हिरवं झालं ना? बस."

ते हिरवं काकूंना आणखी दोन वर्षं मिळालं. मग एका हिवाळ्यात त्या गेल्या.

चौदाव्या दिवशी वामनराव बरण्या घेऊन फलाटावर उभे दिसले. एकीत मासे, दुसरीत खेकडा, तिसरीत तो दगड. मुंबईकडे जाणाऱ्या गाडीच्या गार्डाला ते बजावत होते, "जिथून आनलं तिथंच नेऊन सोडजा. फेकू नोका, हळूच सोडजा."

मला राहवलं नाही. "काका, राहू द्या ना. तुमचं एवढ्या वर्षांचं संशोधन आहे ते."

गाडी हलेपर्यंत ते बरण्यांकडेच बघत होते.

"मले काय कराचा समुद्र, बाई?" ते म्हणाले. "मी पाह्यला हाय."