रिळापासून सुईपर्यंत

धृती म्हणजे धरून ठेवणे. शौर्याला क्षणभराचे तेज पुरते. धृतीला लोकांच्या हसण्यात दिवसचे दिवस बसून राहावे लागते. पुरुषात ती दिसली की जग तिला निग्रह म्हणते, बाईत दिसली की हट्ट. मशीनवाल्या काकूंचा हट्ट सर्वश्रुत होता.

शिवणयंत्रे दुरुस्त करणे हा त्यांच्या यजमानांचा व्यवसाय. ते गेल्यावर काकूंनी त्यांची हत्यारांची पेटी उचलली आणि मोटारसायकलही. पन्नाशीत त्या गाडी शिकल्या. दोनदा पडल्या; तिसऱ्यांदा पडायला, त्यांच्याच शब्दांत, सवड नव्हती. पुढे बारा वर्षे दूरदूरच्या वस्त्यांतली मशिने त्यांच्या हाताने चालती राहिली.

मग गाडी रुसली. सुरू होई, थोडी जाई, मरे. मग किक मारून मारून पाय भरून येत. गॅरेजवाल्याने प्लग बदलला, कॉइल बदलली, कार्बुरेटर दोनदा धुतला आणि हात टेकले.

"काकू, इंजिन म्हातारं झालं. विकून टाका."

"मीही झाले. मला कुणाला विकतोस?"

गाडी कागदोपत्री दिराच्या नावावर होती. त्याने गिऱ्हाईकच ठरवून टाकले. शनिवारी दुपारी ते येणार होते.

"वहिनी, खूप झालं. आता घरी बसा."

गाडी गेली की काम गेले, हे दोघांनाही ठाऊक होते.

"भावोजी, चालू गाडी विकाल?"

"चालू असती तर शब्द काढला नसता."

"ठरलं मग."

शनिवारी सकाळी काकू अंगणात गाडीशेजारी बसल्या. दोरा तुटला की सगळे सुईला दोष देतात. काकूंची रीत अशी, की रिळापासून निघून दोऱ्याच्या वाटेने बोट खाली आणायचे. गाडीचे रीळ म्हणजे टाकी. त्यांनी झाकण उघडले. आत श्वास ओढल्यासारखा आवाज झाला. पेट्रोल भरपूर होते. किक मारताच गाडी सुरू झाली. झाकण लावले, काही वेळाने बंद. पुन्हा उघडले, सुरू. मग त्यांनी ते उघडेच ठेवले आणि इंजिन अखंड चालत राहिले.

"उघडी टाकी घेऊन हिंडणार का?" दीर ओट्यावरून म्हणाला.

"थांबा हो, नाडी सापडली आहे."

झाकणाला हवा आत घेणारे एक सूक्ष्म छिद्र असते. ते बुजले की पेट्रोल खाली उतरत नाही. गॅरेजवाला दर वेळी पेट्रोल पाहायला झाकण उघडी, गाडी चाले, आणि श्रेय नव्या प्लगला मिळे. छिद्र रंगाने बुजले होते. रंग गाडी रुसण्याच्या थोडे आधी काकूंनीच दिला होता, यजमानांची गाडी नवी दिसावी म्हणून, झाकणासकट, दोन हात.

"म्हणजे गळा मीच दाबला होता," त्या म्हणाल्या. पेटीतली मशीनची सुई घेऊन त्यांनी छिद्र मोकळे केले, झाकण लावले, पेटी मागे बांधली आणि निघाल्या.

संध्याकाळी परतल्या तेव्हा दीर ओट्यावरच होता.

"गिऱ्हाईक आलं होतं."

"मग?"

"सांगितलं, गाडी कामावर गेली आहे."

काकू जाऊन आता चार वर्षे झाली. गाडी दिराची मुलगी चालवते, मागे तीच पेटी असते. टाकीचा रंग उडाला आहे. किल्ल्यांच्या जुडग्यात एक सुई आहे.