नवव्या प्रकरणाची चूक

माझ्या पुस्तकात नववं प्रकरण छापलंच गेलं नाही, ही चूक माझी होती. ती मी शहागंजात पुस्तकं टाइप करून, छापून देणाऱ्या चाचांच्या नावावर खपवली. आज हे सरळ लिहिता येतंय, याचंच बरं वाटतं.

कुणालाही प्रूफ देताना चाचा चष्मा कपाळावर सारायचे, गठ्ठा टेबलावर आपटून सरळ करायचे आणि म्हणायचे, "घरी न्या. चहा प्या. मग वाचा." पदरमोड करून पुस्तक काढणाऱ्यांची त्यांच्याकडं सदा वर्दळ. प्रकाशक नाही, संपादक नाही. जे काय ते आपणच. चाचा म्हणायचे, "स्वतःचं पुस्तक काढणारा आन् पोरीचं लगीन काढणारा, दोघांना बी जेवायला फुरसत नाय."

तुम्ही कधी त्यांच्याकडं काही टाइप करून घेतलं असेल, तर मजकुरावरचा शेराही फुकट मिळाला असेल. माझं एक प्रकरण वाचून म्हणाले, "साहेब, ह्या बाईला लई रडवलं. थोडा चहा तरी द्या तिला." मी तिला चहा दिला. प्रकरण सुधारलं.

पुस्तक बजाजनगरातल्या आमच्या कामगार वसाहतीवर होतं. शेवटचं, नववं प्रकरण वडिलांवर. फाइल मीच जुळवली आणि घाईत नवव्याच्या जागी आठवंच पुन्हा चिकटवलं. चाचांचा फोन आला.

"साहेब, आठवं आन् नववं एकच वाटायलंय."

"ती माझी शैली आहे, चाचा. तुम्ही छापा."

"शैली हाय तर ठीक. पण एकदा येऊन बघा."

मी गेलो. दुकानाबाहेर स्कूटरच्या सीटवर गठ्ठा ठेवला आणि न वाचता पानापानावर मंजुरीच्या सह्या केल्या. प्रकाशनाच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या.

समारंभात माझी बहीण वडिलांचं प्रकरण वाचायला उभी राहिली. पानं पुढं-मागं करत राहिली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी माइक घेतला. "चाचांनी घोळ घातला," म्हणालो. चाचा शेवटच्या रांगेत होते, इस्त्रीचा कुर्ता घालून.

आमच्या लेखकमंडळींनी त्यांच्याकडं जाणं सोडलं. चाचांकडं काम द्यावं का, असं मला कुणी विचारलं, तर मी नुसती नकारार्थी मान हलवायचो. वर्षभरानं धीर करून दुकानात गेलो, तेव्हा चाचा लग्नपत्रिका टाइप करत होते. पुस्तकं येणं बंद झालं होतं.

"चाचा, चूक माझी होती."

"मालूम हाय."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुमची बहीण रडायली होती. तिच्यासमोर तुमच्या सह्या काय दाखवू?" त्यांनी माझ्याकडं स्टूल सरकवलं. "पर मला कशाला सांगता? मला तर पैल्या दिवसापास्नं ठाऊक. ज्यांना ठाऊक नाय, त्यांना सांगा."

पुढच्या रविवारी पडेगावात एका कवीच्या घरी आमच्या लेखकमंडळींची मासिक बैठक होती. वाचायची पाळी माझी होती. कथा खिशातच राहिली. पहिलं वाक्य बाहेर पडलं तशी बाकीची आपोआप निघत गेली.

"माझ्या पुस्तकातला घोळ चाचांनी नाही, मी घातला. त्यांनी फोन करून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, न वाचता सह्या केल्या आणि तुमच्या सगळ्यांसमोर त्यांचं नाव घेतलं. ते आज इथं नाहीत. तरी त्याच सगळ्यांसमोर मी त्यांची माफी मागतो."