सुई बदलली, पेन तेच

गल्लीच्या तोंडाशी कपडे दुरुस्तीचं एक लहानसं दुकान आहे. तिथे बसणाऱ्या बाईला सगळे टाचणी म्हणतात. गिऱ्हाईक मापाला उभं राहिलं की पाच-सहा टाचण्या ओठांत धरायच्या आणि त्यांच्या फटीतूनच बोलायचं, ही तिची जुनी खोड. त्यावरून थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, हे नाव पाडलं. पुढे ती अंगाने सुटली, गुडघे कुरकुरायला लागले, जिना चढताना मध्येच कठड्याला धरून उभं राहावं लागायचं; नाव मात्र तेच राहिलं. "आमची टाचणी हरवायची भीती नाही," असं दादा चारचौघांत म्हणायचा, आणि सगळ्यांत आधी तीच हसायची.

मागच्या वर्षी गुडघ्यांनी अगदीच दगा दिला, तेव्हा डॉक्टरांनी तिला वजन उतरवणारं इंजेक्शन लिहून दिलं. आठवड्यातून एकदा, पोटाच्या कातडीखाली, आपलं आपण टोचायचं. दिसायला पेनासारखं, म्हणून त्याला पेनच म्हणतात. एक पेन महिनाभर पुरतं. टोचताना दर वेळी टोकाला नवी सुई लावायची.

लिहून देण्याआधी डॉक्टरांनी तिला पोलिसासारखं विचारलं होतं. घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का? स्वादुपिंडाला कधी सूज? पित्ताचे खडे? दुसऱ्या गोळ्या कुठल्या? मग नर्सने समजावलं, की सुरुवात सगळ्यांत लहान मात्रेने, अंगाला मानवली तरच पुढची पायरी. थोडं खायचं, सावकाश खायचं, पाणी पीत राहायचं. पोटातली कळ थांबेना आणि पाठीत जायला लागली, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, तडक यायचं. "आणि पेन तुमचं एकटीचं," नर्स म्हणाली. "आपला दात घासायचा ब्रश आपण कुणाला देतो का?"

टाचणीने सगळं शब्दशः पाळलं. पहिल्या महिन्यात मळमळ काढली, एकेक पायरी चढली आणि वर्षभरात आपल्याच कपड्यांच्या बाजू तीनदा आत घेतल्या. जिन्यातलं थांबणं गेलं. "काय खातेस गं?" असं गिऱ्हाइकं विचारायची. "खात नाही, तेच," ती टाचण्यांमधून म्हणायची. तिला ते आवडायचं.

मग एका दुपारी वहिनी आली.

वहिनी म्हणजे दादाची बायको. वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर बसते. टाचणीचं लग्न मोडलं आणि ती पेटी घेऊन माहेरी परतली, तेव्हा याच वहिनीने आपल्या कपाटातला अर्धा भाग मोकळा करून दिला होता आणि त्यावर कधी चकार शब्द काढला नव्हता. असं माणूस काही मागायला आलं की नाही म्हणायला जीभ उचलत नाही.

वहिनीने पिशवीतून एक लांब रेशमी ड्रेस काढला. दादाने पूर्वी हौसेने घेतलेला. पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न होतं आणि तिला तो त्या दिवशी घालायचा होता. टाचणीने ड्रेस उलटा केला, बाजूच्या शिवणी चिमटीत धरून पाहिल्या.

"वहिनी, हा दोनदा उसवून सैल करून झालाय. आत आता काही शिल्लक नाही."

"नीट बघ ना."

"बघितलं. कापड रबराचं नसतं."

"मग राहू दे कापड," वहिनी म्हणाली. "मलाच आत घे."

दोघी खदखदून हसल्या. हसता हसता वहिनीची नजर मागच्या खोलीतल्या छोट्या फ्रिजकडे गेली आणि तिथेच राहिली.

"ते तुझं पेन... मला चालेल का गं? दोनच आठवडे."

"वेडी आहेस का? डॉक्टरांना विचार."

"विचारलं तर तो तपासण्या काढेल, मग गोड बोलून चालायला सांगेल. चालत लग्नापर्यंत पोचेन मी! आणि दादाला सांगू नकोस. जन्मभर चिडवेल."

वहिनीला मधुमेहाची गोळी चालू होती. हे टाचणीला ठाऊक होतं. ती गोळी तिच्यादेखतच वहिनी रोज नाश्त्याआधी घ्यायची. आपल्या पेनातली मात्रा वरच्या पायरीची आहे आणि वहिनी अजून पहिल्याही पायरीवर चढलेली नाही, हेही कळत होतं. पण मनाची समजूत तिने आपल्या धंद्यातूनच काढली. मशीनवर कापड बदललं की आपण सुई बदलतो. मशीन कुठे बदलतो? तिने नवी सुई लावली. वहिनीने तोंड फिरवलं, डोळे मिटले.

पहिल्या आठवड्यात वहिनीला मळमळलं, पण ती खूश होती. वाचनालयातून फोन करून म्हणाली, "अगं, जेवणाकडे बघवत नाही. जादूच आहे!" ही जादू नाही, धोक्याची घंटा आहे, हे टाचणीला ओळखता यायला हवं होतं. आपल्याला इतकं कधीच झालं नव्हतं, हे तिच्या मनात आलंही. तरी पुढच्या आठवड्यात तिने दुसऱ्यांदा सुई बदलली. मधल्या दिवशी त्याच पेनाने स्वतःला टोचून घेतलं.

त्यानंतर वहिनीच्या पोटात पाणीही ठरेना. अन्न बंद झालं, पण गोळी बंद झाली नाही. गोळी चुकवायची नाही असं तिच्या डॉक्टरांनी बजावलेलं. एका सकाळी पुस्तकावर शिक्का मारता मारता ती टेबलावरच कोसळली.

"टाचणे, दवाखान्यात ये," दादाचा फोन आला. "हिची साखर एकदम उतरलीय."

ती पोचली तेव्हा वहिनीच्या हाताला सलाईन होतं आणि डोळे उघडे होते. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, "गोळीशिवाय आणखी काही औषध? काढा, इंजेक्शन, वजनाचं काही?"

"छे हो," दादाच बोलला. "ही डोकं दुखलं तरी गोळी घेत नाही. कुठेतरी उघड्यावरचं खाल्लं असेल."

वहिनीने टाचणीकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. नको. टाचणीच्या ओठांत तेव्हा एकही टाचणी नव्हती, तरी ते उघडले नाहीत. साखर चढवली आहे, आता बरं वाटेल, असं तिने ठरवून टाकलं. भिंतीशी बाकावर बसली. दादाने चहा आणून दिला, तो प्यायली. तो सारखा म्हणत होता, "तू आलीस म्हणून बरं."

दुपारी वहिनीला पुन्हा घाम फुटला. ती काहीतरी असंबद्ध बोलायला लागली, दादाने हात धरला तर "कोण तुम्ही?" म्हणाली. नर्स बोटातलं रक्त तपासून म्हणाली, "परत उतरली. चढवलेली साखर जाते तरी कुठे?"

"मी तिला माझं इंजेक्शन दिलं," टाचणी म्हणाली.

खोलीत सगळे तिच्याकडे वळले. डॉक्टरीणबाईंनी कुठलं, केवढी मात्रा, कितीदा, शेवटचं कधी, एवढंच विचारलं. टाचणीने माप सांगावं तसं सगळं सांगितलं.

"हे सकाळी कळायला हवं होतं," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "ते औषध आता बाहेर काढता येत नाही, आठवड्यापेक्षा जास्त अंगात राहतं. पोटात अन्न ठरत नाही आणि वरून साखर उतरवणारी गोळी. मी यांना संध्याकाळी घरी सोडणार होते, गोळी चालू ठेवायला सांगून." मग त्या नर्सकडे वळल्या. गोळी बंद, साखर सतत बघायची, स्वादुपिंड आणि किडनीची तपासणी आजच. "आणि तुमच्या दोघींच्याही रक्ताची तपासणी. पेन एकच होतं ना?"

"सुई बदलली होती मी."

"सुई बदलून भागत नाही. टोचताना रक्ताचा अंश पेनात मागे जाऊ शकतो, डोळ्यांना दिसतही नाही. ते पेन आता तुम्हीही वापरू नका. आणि तुमच्या डॉक्टरांना हे जाऊन सांगा."

दादा ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने वहिनीच्या अंगावरची चादर नीट केली.

"दिलंस ते दिलंस," तो म्हणाला. "पण सकाळपासून तू इथे बसली होतीस."

तिने बाकावरचा चहाचा रिकामा कप उचलला आणि बाहेर नेऊन ठेवला.

वहिनी सावरली. स्वादुपिंड शाबूत निघालं, दोघींचे रक्ताचे अहवालही साफ आले. पुन्हा एकदा तपासायचे आहेत. घरी आल्यावर वहिनी म्हणाली, "मागितलं मी. तू का तोंड पाडतेस?" पण वहिनीला मागायचा हक्क होता आणि न द्यायची अक्कल आपल्याला शिकवलेली होती, हे टाचणी जाणून होती. तिच्या डॉक्टरांनी तिला नवं पेन लिहून दिलं. देताना सगळी पथ्यं पुन्हा पहिल्यापासून ऐकवली. तिने खाली मान घालून ऐकली.

रेशमी ड्रेसच्या दोन्ही बाजू उसवून तिने गडद रंगाच्या पट्ट्या घातल्या. वहिनी आरशासमोर वळून वळून पाहत होती.

"पट्टी दिसते का गं?"

"दिसते."

"दिसू दे."

लग्नाच्या दिवशी घरच्यांचा फोटो काढायचा होता. टाचणी मागे, खुर्च्यांच्या रांगेजवळ उभी होती. दादाने तिला हाक मारली, तिच्या खऱ्या नावाने. दवाखान्यातल्या त्या दिवसापासून तो तिला याच नावाने बोलावतो, नीट, आदराने. तिने मागे वळून पाहिलं, कुणाला बोलावतोय म्हणून.