खाजाभाईंनी चुकवलेला एकच सामना

परंड्याच्या किल्ल्यातली मुलूखमैदान तोफ विजापूरला गेली, त्याला काही शतकं झाली. तिच्या नावाचा फुटबॉल क्लब मात्र अजून परंड्यातच आहे. आहे म्हणजे काय, खाजाभाई आहेत म्हणून आहे. नावात एवढी मोठी तोफ असून आमच्या क्लबनं गोल किती डागले, हे कृपा करून विचारू नका. मुलूखमैदानवाले गोल खातात आणि वर ढेकर देतात, असं गावातली टवाळ पोरं म्हणतात, आणि ते काही खोटं नाही.

मी ह्या क्लबचा सेक्रेटरी. नाव शंभुलिंग, धंदा किराणा. सेक्रेटरी व्हावं असा एकही गुण माझ्यात नाही; माझं दुकान खाजाभाईंच्या दुकानाला लागून आहे, एवढंच. खाजाभाई गादीवाले. दिवसभर कापूस पिंजायचा, गाद्या-उशा भरायच्या, आणि संध्याकाळी दाढीतला कापूसही न झटकता मैदानावर हजर व्हायचं. गोलकीपरच्या गुडघ्यावरच्या गुबगुबीत पट्ट्या त्यांच्याच हातच्या. जाळी फाटली की शिवायला तेच.

आमचं मैदान म्हणजे आठवडी बाजाराची जागा. बाजार उठला की दुसऱ्या दिवशी सकाळची नमाज उरकून खाजाभाई टोपलं घेऊन निघतात. कांद्याच्या साली, नासके टोमॅटो, शेण, आणि पालवाल्यांनी जमिनीत तशाच सोडलेल्या लोखंडी खुंट्या. अशाच एका खुंटीनं मागं आमच्या एका पोराचा पाय फाडला होता. तेव्हापासून भाई अख्खं मैदान अनवाणी फिरतात. "माज्या पायाला लागली तर पोरांच्या पायाला लागणार न्हाय," असा त्यांचा सरळ हिशोब. अशा माणसाला शहाणं म्हणावं की वेडं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्यांच्याइतका मोठा माणूस माझ्या ओळखीत दुसरा नाही.

"सवत असती तर दोन भांडी तरी घासली असती," हे त्यांच्या बायकोचं, शरिफाबीभाभींचं, क्लबविषयीचं मत. त्यांची लेक झरीन, तिच्या निकाहची तारीखसुद्धा स्पर्धेचं वेळापत्रक बघून धरलेली. खाजाभाईंनी क्लबचा एकही सामना चुकवला नव्हता. पावसात, उन्हात, एकदा तर हाताला प्लॅस्टर घालून ते आले होते आणि एकाच हातानं मांडीवर टाळ्या वाजवत होते. तो सामना आम्ही सात गोलांनी हरलो.

पुढे दिवस फिरले. जर्सी देणारा कापडवाला क्रिकेटकडे वळला. चांगली पोरं पुण्याच्या कंपन्यांत गेली. उरली त्यांतली निम्मी दिवाळी झाली की ऊसतोडीला जायची, आणि जिल्ह्याची स्पर्धा नेमकी हिवाळ्यात. दोन वर्षं लागोपाठ आम्ही अकरा माणसं उभी करू शकलो नाही. यंदा धाराशिवहून जिल्हा संघटनेचा निरोप आला की ह्या वेळी अकरा खेळाडू मैदानात उतरवा, नाहीतर क्लबचं नाव कायमचं काढून टाकू.

गावात होते सहा. बाकीचे पाच ढोकीच्या शिवारात ऊस तोडत होते. निरोप ऐकला त्या दिवशी भाईंनी एका गिऱ्हाइकाला उशी दिली ती तोंड न शिवताच. गिऱ्हाईक रस्ताभर कापूस सांडत गेलं.

मी म्हणालो, "भाई, आता पुरे झालं. किती दिवस मेलेलं जित्राब ओढायचं?"

"शेठ," ते म्हणाले, "जिंकणाऱ्याच्या मागं कुनीबी पळतंय. हरणाऱ्याला आपल्याबिगर कोन हाय?"

मग त्यांनी त्या पोरांच्या ऊसतोड टोळीच्या मुकादमाला, गोरोबाला, फोन लावला. पाच पोरांना एक दिवसाची सुट्टी मागितली. गोरोबा तसा भला माणूस, पण कारखान्याची गाडी रोज भरून गेलीच पाहिजे, हा त्याच्या जिवाला घोर. तो वैतागून म्हणाला, "अन् मग ऊस कोन तोडणार, भाई? तुमी?"

ह्या प्रश्नाला कुणीही हसून फोन ठेवला असता. खाजाभाई म्हणाले, "व्हय, आमी. पाच जण येतो."

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या 'आमी'त मी आहे हे मला तेव्हा कळलं. जन्मात गुळाची ढेपसुद्धा मी स्वतः फोडलेली नाही, गडी फोडतो. पण त्या डोळ्यांपुढं नाही म्हणायची माझी टाप नव्हती. बाकीचे तिघं क्लबचे जुने खेळाडू. त्यांची पोटं पाहून ते कधीकाळी खेळाडू होते, ह्यावर कुणी विश्वास ठेवला नसता.

स्पर्धेच्या दिवशी तांबडं फुटायच्या आत आम्ही पाच जण आणि गावातले सहा खेळाडू निघालो. जीप आमच्या गोलकीपरचीच होती, चालवायलाही तोच. ढोकीच्या फडावर आम्ही पाच जण उतरलो आणि तिथं तोडणारे पाच जण आमच्या जागी जीपमध्ये चढले. त्यांत बिभीषण होता, आमचा कॅप्टन. तो आणि त्याची आई सिताबाई, दोघं मिळून टोळीत तोडतात. त्याच्या हातचा कोयता खाजाभाईंनी घेतला.

"अकरा जण हुबे ऱ्हावा," भाई म्हणाले. "बाकी खुदा बघंल."

मी हळूच म्हणालो, "तुम्ही तरी जा की. आम्ही चौघं बघतो."

"जबान पाच मानसांची दिलीय, शेठ." एवढं बोलून ते उसात शिरले. जीपचा धुरळा खाली बसेपर्यंत मात्र त्यांनी कोयता चालवला नाही.

ऊसतोड लांबून बघायला फार सोपी वाटते. उसाच्या वाळल्या, धारदार पाल्यानं, पाचटानं, तासाभरात आमची तोंडं ओरबाडून निघाली. खाजाभाई मात्र इरेला पेटल्यासारखे सपासप निघाले होते, आणि मला वाटलं, वा, भाईंना जमलं! तेवढ्यात मागून सिताबाई कडाडली.

"अवो भाई, ऊस तोडताय का गादीची कड कापताय? मागं बघा जरा!"

मागं वीतभर उंचीची खोडकं उभी होती, पार बांधापर्यंत. आम्हा पाचही शहाण्यांनी ऊस कमरेत वाकायला नको म्हणून वरून तोडला होता. खरी साखर बुडख्यात असते, आणि असं खोडूक राहिलं तर त्यातून फुटणारं पुढच्या वर्षीचं पीक, खोडवा, तोही नीट येत नाही. गोरोबानं कपाळावर हात मारला. शेतमालक आला असता तर टोळीलाच हाकललं असतं.

खाजाभाईंनी पहिल्या ओळीपासून परत सुरुवात केली. बसून, जमिनीला लावून, एकेक खोडूक. गादी शिवायला बसतात तसेच बसले आणि सरकत सरकत निघाले. हाताला फोड आले, फुटले. सिताबाईनंच शेवटी आपल्या लुगड्याची पट्टी फाडून त्यांच्या तळव्यांना बांधली. मघाशी ओरडणारी ती, आता स्वतःची तोड सांभाळून आमच्या मोळ्याही बांधत होती.

दुपारी एकदाच भाई उभे राहिले. धाराशिवच्या दिशेला पाहिलं. "आता सुरू झालं आसंल," म्हणाले, आणि परत खाली बसले. मला त्या वेळी इतकं भरून आलं की मी उगाच जोरजोरात ऊस तोडायला लागलो.

दिवस कलला तशी जीप आली. पोरं अंगात जर्सी घालूनच उतरली. चार-एकनं हरलो होतो, पण अकरा जण मैदानात उतरले होते आणि क्लबचं नाव राहिलं होतं. आणि तो एक गोल? दोन वर्षांत न खेळलेल्या क्लबचा गोल! बिभीषणनं मारला होता.

"मोबाईलवर काढला का?" मी विचारलं.

पोरांनी नकारार्थी माना हलवल्या. काढणार कोण? अकराच्या अकरा आत होते, मोबाईल जीपमध्ये कुलपात होते. आमचे बघणारे जेवढे होते, तेवढे सगळे उसात होते.

खाजाभाई मोळीवर टेकले होते. "मंग दावा मला," ते म्हणाले.

"काय, भाई?"

"गोल. कसा मारला, दावा."

कारखान्याची गाडी अजून पुरती भरायची होती. मी गोरोबाकडं पाहिलं. दिवसभर गाडी गाडी करणारा तो माणूस म्हणाला, "दावा की रे! भाईनं काय बघितलंच न्हाय."

रिकाम्या झालेल्या रानात दोन मोळ्या ठेवून गोल झाला. दुसऱ्या कामाचा नव्हतो म्हणून समोरच्यांचा कीपर मला केलं. डावीकडनं चेंडू आला, बिभीषणनं छातीवर घेतला, एकाला चुकवलं आणि मारला. मी खरंच अडवायला गेलो, पण चेंडू माझ्या बगलेतून गेला आणि मी ढेकळांत पडलो. खाजाभाई पट्ट्या बांधलेले दोन्ही हात वर करून ओरडले, असे ओरडले की उसातली पाखरं उडाली. सिताबाईनं कोयत्यावर कोयता वाजवला. भाईंच्या दाढीवरून पाणी गळत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"आजून एक डाव," ते म्हणाले.

मी कपडे झटकून परत दोन मोळ्यांच्या मध्ये उभा राहिलो. पुन्हा डावीकडनं चेंडू आला, बिभीषणनं पुन्हा मारला. पोरगं दमलं होतं. ह्या वेळी चेंडू सरळ माझ्या हातात येत होता. मी हात बाजूला घेतले.