मशीन ठणठणीत आहे

आमच्या घरात हे कुणालाच ठाऊक नाही. बायकोलाही नाही. सांगायला जातो, तोंडाशी येतं आणि मग मी दुसरंच काहीतरी बोलतो — पाणी आलं का, सिलिंडर लावला का. तुम्ही आमच्या नात्यातले नाही, म्हणून तुमच्यापाशी जमेल असं वाटतंय. बघू.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसतो, म्हणून नात्यात कुणाला मोबाइल घ्यायचा असो की कुणाचा प्रिंटर अडलेला असो — अरुणला विचारा. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? फार आवडायचं.

सुनंदाताई माझी थोरली बहीण. चिखलीत राहते. शाळेत संस्कृत शिकवायची. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा तिनं नोकरी सोडली. त्या गेल्यावर घर एकदम रिकामं झालं, आणि तिनं ठरवलं की घरूनच ऑनलाइन शिकवणी घ्यायची. मोबाइलवर सुरू केली. पण एवढ्याशा पडद्यावर मुलं दिसली तर धडा दिसायचा नाही, धडा दिसला तर मुलं गायब. मला म्हणाली, एक कॉम्प्युटर निवडून दे. खाली डबा नको, वायरींचं जंजाळ नको. खिडकी आणि फ्रिजच्या मधल्या टेबलावर मावेल असा, पडद्यातच सगळं असलेला. तिला काय हवं ते तिला नीट कळत होतं. चुकलो मी. नाही — चुकलो म्हणजे फारच सोपं झालं.

चिंचवडच्या दुकानात ताई, दाजी आणि मी असे तिघं गेलो. आठवडाभर कस्टमरचं ऑडिट चाललेलं, येताना मोशीला गाडी इंचभर हलत नव्हती. डोकं उठलं होतं. दुकानात सगळी मॉडेलं सारखीच — पांढरी, पातळ, चकचकीत. मी खोक्यावरचं बारीक अक्षर वाचलं. आत जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क, रॅम जेमतेम. व्हिडिओवर शिकवायचं तर हे धापा टाकणार, हे मला तिथंच कळलं. चांगलं मॉडेल शिल्लक नव्हतं, पुढच्या आठवड्यात येणार होतं. म्हणजे पुन्हा हा रस्ता? पुन्हा ही सुट्टी वाया? कंपनीत असला माल मी गेटवरूनच परत पाठवला असता. इथं म्हणालो, "हाच घे ताई. घरच्या कामाला बास आहे."

ती किती खूश झाली! तिनं त्याला हळदकुंकू लावलं.

आता इथवर असतं तर तो नुसता आळस होता. आळस मी कधीच कबूल केला असता. पुढचं अवघड आहे.

थोड्याच दिवसांत तिचा फोन आला. चालू व्हायलाच वेळ लागतो. शिकवताना आवाज तुटतो. पान दाखवायला गेलं की सगळं थिजतं, आणि मुलं नुसती ओरडत राहतात — मॅडम, दिसत नाही! मी गेलो. बसलो. माउस हलवला की बाण मागाहून यायचा. संताप आला — त्या यंत्राचा, त्या दुकानाचा, आणि खरं सांगायचं तर तिचासुद्धा. का? तिनं काय केलं होतं? मी आत काय चाललंय ते उघडून पाहिलं. डिस्कचा पुरता दम निघालेला. दोष स्पष्ट दिसत होता, आणि उपायही. ती डिस्क काढून नवीन पद्धतीची बसवली असती तर निम्मं दुखणं तरी गेलं असतं.

पण दाजी मागंच उभे होते. शिफ्टवरून आलेले, हातात चहा. म्हणाले, "काय राव, फसवलं का काय आपल्याला दुकानवाल्यानं?"

तेव्हा मी एवढंच म्हणायचं होतं — दुकानवाल्यानं नाही, मी. म्हणालो काय?

"मशीन ठणठणीत आहे, दाजी. ताईच घाई करते. एक दाबलं की थांबायचं असतं. हिला सवय नाही, एवढंच."

दाजी हसले. ताईनं मान हलवली. तिला ते पटलं — तुम्हाला कळतंय ना? ती वर्गात चुकलेल्या पोरालासुद्धा कधी मूर्ख म्हणाली नाही, आणि तिनं माझ्या एका वाक्यावर स्वतःला तसं ठरवून टाकलं.

त्यानंतर ती दाबायची आणि हात मांडीवर ठेवून थांबायची. मी सांगितलं होतं ना. मुलं खोळंबायची. पालक आधी सांभाळून बोलले, मग नुसतेच गळत गेले. दाजी येता-जाता म्हणायचे, "अगं, अरुणनं काय सांगितलंय? हळू!" मी दर रविवारी ठरवायचो, आज जाऊन डिस्क बदलतो. पण बदलली की विचारणार — मग आधी काय म्हणत होतास? म्हणून गेलो नाही. एकदाही नाही.

शेवटी तिनं शिकवणी बंद केली. पालकांना तब्येतीचं कारण सांगितलं. मला फोनवर म्हणाली, "मला नाही रे जमत हे. तू एवढा चांगला निवडून दिलास, आणि मी..." मी काय केलं माहितेय? मी तिची समजूत काढली. म्हणालो, "असू दे ताई, सगळ्यांनाच जमतं असं नाही." खालच्या आवाजात, मायेनं. त्या वाक्याची मला सगळ्यात जास्त किळस येते. त्या खोट्यापेक्षाही.

तो कॉम्प्युटर पुढं त्यांनी कुणाला तरी देऊन टाकला. माझी सुटका झाली असं वाटलं. वीजबिल दाजी भरतात, बँकेचं काही असलं तर ताई शेजारणीकडे फोन देते. स्वतः करत नाही. विचारलं तर हसते.

गेल्या महिन्यात दोघं आमच्याकडे जेवायला आली होती. माझी मुलगी शाळेसाठी काहीतरी तयार करत होती, संस्कृतच्या ओळी अडल्या. तिनं लॅपटॉप सरकवला. "आत्या, तूच टाइप कर ना. तुला पाठ आहेत."

ताईनं दोन्ही हात मागं घेतले. "नको गं बाई. मी हात लावला की बिघडतं."

दाजी हसले, बायको हसली. मीही हसलो.